कापलेली पिन

गिटारच्या नेकमधला ट्रस रॉड तुटला तेव्हा आवाज अगदी बारीक झाला. अडकित्त्यात सुपारी फुटते तेवढा. मी एल-की आणखी थोडी पिळली, तर नट सैल होऊन नुसताच फिरायला लागला. २००९ चा जुलै होता. पनवेलच्या लाइन आळीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी जमिनीवर बसलो होतो. मांडीवर जपानी बनावटीची जुनी बेस गिटार होती आणि ती माझी नव्हती.

ती आमच्या ऑर्केस्ट्रातल्या काकांची होती. काका म्हणजे नात्यातले नव्हेत, पण सगळा ग्रुप त्यांना काकाच म्हणायचा. ऐंशीच्या दशकात त्यांनी ती बोटीवर नोकरी करणाऱ्या एका माणसाकडून विकत घेतली होती आणि तेव्हापासून दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नव्हती. पंधरा दिवस गावी जाताना त्यांनी ती मला दिली. एका हळदीचा कार्यक्रम ठरलेला होता आणि माझी गिटार धड नव्हती. देताना म्हणाले, "वाजव हवी तेवढी. फक्त स्क्रूंना हात लावू नकोस."

मी हात लावला. पावसाने तारा नेकपासून जरा वर आल्या होत्या, बोटांना जड जात होतं, आणि एका मासिकातला लेख वाचून आपल्याला सेटअप येतो असं मला वाटत होतं. काका आले तेव्हा मी गिटार पिशवीत घालून परत केली. "पावसाने नेक थोडी उचललीय," एवढंच बोललो.

मी तळोजा एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअरला नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी बेस वाजवतो. हळदी, सत्यनारायण, गणपती, सोसायट्यांचे वर्धापनदिन. गाणी जुनी हिंदी-मराठी, मधे कोळीगीतं. बेसची ओढ लागली ती पंचमदांच्या गाण्यांमुळे. त्यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे, हे मला फार उशिरा कळलं. त्याआधी कित्येक वर्षं कॅसेटवर गाण्याच्या खालून काहीतरी चालत जातंय आणि ते थांबलं तर गाणं पडेल, एवढंच जाणवायचं. ज्या वाद्याने मला इतकं दिलं त्याच्याशी मी कसा वागलो, ते सांगायला बसलो आहे.

पहिली बेस मी २००६ च्या दिवाळीच्या बोनसमधून घेतली. तेव्हा आम्हा लोकांना वाद्यं घ्यायची तर धोबी तलाव, हे ठरलेलंच होतं. हार्बर लाइनने पनवेलहून सीएसटीपर्यंत सव्वा तास. दुकानात दोन मुलं फार सफाईने वाजवत होती. विक्रेत्याने माझ्या हातात चार तारांची साधी पॅसिव्ह गिटार दिली, जॅक लावून दिला आणि म्हणाला, "वाजवून बघा." त्या मुलांसमोर वाजवायची मला लाज वाटली. दोन-चार सूर काढले, ठेवून दिली, आणि शेजारी टांगलेली पाच तारांची अ‍ॅक्टिव्ह दाखवून म्हणालो, "ही द्या." तिच्यावर नॉब जास्त होते, तार एक जास्त होती आणि ती माझ्या बोनसमध्ये जेमतेम बसत होती. विक्रेत्याची त्यात काही चूक नव्हती. मी गिटार न ऐकता विकत घेतली.

पाचवी तार म्हणजे खालचा बी. तिची कंपनं सेकंदाला सुमारे ३१. नेहमीच्या चौथ्या, ई तारेची ४१. माझ्याकडच्या छोट्या स्पीकरमधून ई चा सूरसुद्धा पुरता निघत नव्हता, बी वर तर नुसती फडफड व्हायची. आमच्या गाण्यांना त्या तारेची गरजही नव्हती. उलट ती न वाजवता आपोआप थरथरायची. पाच तारांच्या बेसवर अर्धं कसब नको त्या तारा दाबून ठेवण्यात असतं, आणि ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं.

अ‍ॅक्टिव्ह गिटारच्या पोटात नऊ व्होल्टची बॅटरी असते. जॅक आत गेला की आतलं सर्किट चालू होतं आणि जॅक काढेपर्यंत चालूच राहतं, तुम्ही वाजवा अथवा वाजवू नका. मी घरी रियाझ झाला की गिटार जॅकसकट भिंतीला टेकवून ठेवायचो. उरण रस्त्यावरच्या एका गावात हळदीला दुसऱ्याच गाण्यात माझा आवाज आधी फाटला आणि मग गेला. रात्री साडेआठला त्या गावात नऊ व्होल्टची बॅटरी कुठे मिळणार? उरलेला कार्यक्रम कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने बेस भरत निभावून नेला. मी स्टेजवर गिटार गळ्यात अडकवून उभा होतो.

अ‍ॅम्पच्या बाबतीत मी दोन चुका केल्या. पहिली म्हणजे साध्या गिटारच्या पंधरा वॉटच्या अ‍ॅम्पमधून बेस वाजवली. बेसच्या खालच्या सुरांना स्पीकरचा पडदा खूप पुढेमागे ढकलावा लागतो. साध्या गिटारचा स्पीकर त्यासाठी केलेलाच नसतो. महिन्याभरात पडदा फाटला. दुसरी चूक महागाची. जुन्या बाजारातून एक अ‍ॅम्प आणला, कारण त्याच्या तोंडावर '१००० वॉट' लिहिलं होतं. टेपरेकॉर्डरवरचे 'पीएमपीओ'चे स्टिकर ज्यांनी पाहिलेत त्यांना हा हिशेब माहीत असेल. क्षणभर जास्तीत जास्त किती, असा काहीतरी कागदावरचा आकडा तो. बघायचा असतो आरएमएस, सलग किती देतो तो. माझ्या '१०००' मधले खरे वॉट किती होते, ते एका दुरुस्तीवाल्याने मोजून सांगितलं: चाळीसच्या आसपास. त्यानेच मला शिकवलं की वॉट दुप्पट केले तरी आवाज तीन डेसिबलच वाढतो आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. स्पीकर कसला आहे आणि किती मोठा आहे, यावर जास्त अवलंबून असतं. बेससाठी अ‍ॅम्प घेणाऱ्यांनी आकड्याच्या आधी स्पीकर बघावा, असं मी आज छातीठोकपणे सांगतो.

पण खरी फसगत झाली ती तुलना करताना. २००८ साली माझ्याकडे काही दिवस दोन अ‍ॅम्प होते. एक जुना, जड, मंद वाटणारा. दुसरा नवा, हलका, चमकदार. दोन्ही घरी आळीपाळीने लावून बघितले. नवा सरस वाटला, म्हणून जुना विकून टाकला. त्या चाचणीत तीन गोष्टी चुकल्या होत्या आणि तिन्ही मला नंतर कळल्या.

एक तर दोन्हींचा आवाज मी सारखा ठेवला नव्हता. दोन आवाजांत जो जरासा मोठा असतो तोच कानाला चांगला वाटतो आणि खालच्या सुरांना तर हे जास्तच लागू पडतं. आपला कान हळू आवाजात खालचे सूर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मुन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच त्याचे आलेख मांडून ठेवले आहेत. मी नव्या अ‍ॅम्पचा नॉब थोडा पुढे ठेवला होता, बस एवढंच.

शिवाय अ‍ॅम्प खोलीच्या कोपऱ्यात होता. आमची खोली दहा बाय बारा. उघड्या ई तारेच्या सुराची एक लाट सव्वाआठ मीटर लांब असते. दोन भिंती आणि जमीन त्या सुराला आधार देतात, म्हणून कोपऱ्यात ठेवलेला कुठलाही अ‍ॅम्प भारदस्त वाजतो. तोच अ‍ॅम्प मी मैदानातल्या मांडवात नेला तेव्हा ना भिंत होती ना कोपरा. खालचा आवाज चहूकडे पांगून गेला. पाचव्या रांगेत बसलेल्या माझ्या भावाने सांगितलं, "दादा, तू वाजवतोयस हे दिसत होतं."

आणि सर्वांत मोठी गोष्ट, मी एकटा वाजवत होतो. एकट्याने ऐकताना बेस आणि ट्रेबल वर, मधले सूर खाली, असा आवाज फार देखणा वाटतो. ऑर्केस्ट्रात मात्र खाली ढोलकीचा धूम असतो, ऑक्टोपॅडचा किक असतो, कीबोर्डवाल्याचा डावा हात असतो. वर झांजा नि खंजिरी. बेसला जागा उरते ती मधे, दोनशे ते आठशे हर्ट्झच्या आसपास, आणि मी नेमकी तीच खाली केलेली होती. विकलेला जुना अ‍ॅम्प मंद वाटत होता, कारण त्याचे मधले सूर भरीव होते. तो आमच्यासारख्या ग्रुपसाठीच होता. विकत घेणाऱ्याकडे मी नंतर दोनदा गेलो. तो द्यायला तयार नव्हता आणि त्याचं बरोबर होतं.

आता पुन्हा त्या नेककडे येतो.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, स्वतः गिटार वाजवत नसे. १९५१ मध्ये त्याने प्रिसिजन बेस बाजारात आणली. माणसाच्या उंचीच्या डबल बेसला पडदे, म्हणजे फ्रेट, नसतात. या नव्या वाद्याला होते, सूर नेमका लागायचा, म्हणून नाव प्रिसिजन. तारेची लांबी ३४ इंच. आजही बहुतेक बेस तेवढ्याच असतात. जाड चार तारा इतक्या लांबीवर ताणल्या की सगळ्यांची मिळून ओढ ७०-८० किलोंच्या घरात जाते. नेक लाकडाची, तीही अंगठा मागून फिरावा इतकी पातळ. ती धनुष्यासारखी वाकू नये म्हणून आत लोखंडी सळई घालतात, तोच ट्रस रॉड. ती एका टोकाला नटने आवळली की नेक मागे येते, सैल केली की तारा तिला पुढे ओढतात. कोकणातल्या पावसात लाकूड ओलावा धरतं आणि नेक हलते. कुठल्या बाजूला, ते त्या त्या लाकडाच्या स्वभावावर असतं. म्हणून मोजल्याशिवाय नट फिरवायचा नाही.

मी मोजलं नव्हतं. मोजायचं कसं ते नंतर ठाण्याच्या एका कारागिराकडे चार रविवार बसून शिकलो. एका हाताने पहिला फ्रेट दाबायचा, दुसऱ्या हाताने नेक बॉडीला मिळते तिथला. तार आपोआप सरळ पट्टी होते. मग सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट दिसते ते बघायचं. व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी असली की पुरे. कमी-जास्त असेल तर तारा थोड्या सैल करून नटला पाव आटा द्यायचा, पुन्हा सुरात आणायचं, गिटार रात्रभर तशीच ठेवायची आणि सकाळी परत बघायचं. मी कडक सुरात ताणलेल्या तारांवर, वीस वर्षं न हललेल्या गंजक्या नटला एका दमात पाऊण आटा दिला होता.

त्याची गरजही नव्हती. तारा वर आल्या होत्या, त्यासाठी ब्रिजवरच्या खोगिरांचे बारीक स्क्रू अर्धा मिलिमीटर खाली घेऊन भागलं असतं. बाराव्या फ्रेटवर ई तारेखाली अडीच मिलिमीटर आणि जी तारेखाली दोन मिलिमीटर ही माझ्या हाताला सोयीची उंची. एवढं साधं होतं ते. सेटअपचा क्रमही मी उलटा धरायचो. जुन्या मेलेल्या तारांवर आधी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं, लावायचो, मग नेक हलवायचो, की इंटोनेशन परत बिघडायचं. आधी नव्या तारा, मग नेक, मग उंची, आणि शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवणं. दाबलेला सूर चढा येत असेल तर खोगीर मागे घ्यायचं. आणखी एक. माझ्या स्वतःच्या गिटारची शिसवी फिंगरबोर्ड मी दर महिन्याला खोबरेल तेलाने पुसायचो, आजी देवघरातला पाट पुसायची तसं. त्यावर धूळ बसून चिकटा झाला, फ्रेटच्या कडांशी काळी रेघ धरली. ते काढायला कारागिराला दोन तास लागले आणि तो एका शब्दाने बोलला नाही.

काकांच्या गिटारचा रॉड मात्र त्यालाही दुरुस्त करता येण्यासारखा नव्हता. त्यासाठी फिंगरबोर्ड उचलून काढावी लागते. खर्च गिटारच्या किमतीपुढे जातो आणि नेक वाचेलच असं नाही. मी त्याला हे विचारलं ते "एका मित्राची गिटार आहे" असं सांगून.

दोन वर्षं मी गप्प होतो. प्रत्येक कार्यक्रमात काकांची बोटं बघायचो. त्यांनी मधे कधीतरी तारा बदलल्या होत्या, आधीपेक्षा बारीक लावल्या होत्या. वयामुळे असेल असं मी स्वतःला सांगत राहिलो. २०११ च्या पावसाळ्यात एकदा रिहर्सलनंतर मी त्यांना वडाळे तलावाच्या काठावर थांबवलं आणि सांगून टाकलं. ते म्हणाले, "मला त्याच रात्री कळलं होतं. नट नुसता फिरत होता." मग थोडं थांबून म्हणाले, "नेकला ओढ कमी पडावी म्हणून बारीक तारा लावल्या. तू सांगशील म्हणून वाट बघत होतो."

मी नवीन नेकचे पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. पुढे ते असेपर्यंत त्यांच्या गिटारच्या तारा मी बदलायचो. स्क्रूंना हात लावायचा असेल तर ते समोर बसायचे.

एवढं झाल्यावर माणूस शहाणा झाला असेल असं वाटेल. मलाही तसंच वाटत होतं. म्हणून पुढचं सांगणं सगळ्यात अवघड आहे.

माझा अ‍ॅम्प मिक्सरला जोडला की गुणगुण यायची. स्टेजवर याला हमिंग म्हणतात. एका कार्यक्रमात साउंडवाल्याच्या हाताखालच्या पोराने अ‍ॅम्पचा तीन पिनांचा प्लग काढून दोन पिनांचा लावून दिला आणि गुणगुण बंद झाली. मला हा मोठा शोध वाटला. घरी येऊन मी अ‍ॅम्पच्या वायरची अर्थिंगची जाड पिन हेक्सॉने कापून टाकली, म्हणजे कुठल्याही बोर्डात बसेल. त्यानंतर कधीमधी तारांना हात लावला की बोटांत झिणझिण्या यायच्या. पावसाळी हवा आहे, म्हणून सोडून द्यायचो.

अर्थिंगचं काम काय असतं ते मला माहीत होतं. कारखान्यात दर वर्षी सुरक्षा सप्ताहात तेच सांगतात. गिटारच्या तारा ब्रिजखालच्या एका वायरीने जॅकच्या अर्थला, तिथून अ‍ॅम्पच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेल्या असतात. आत कुठे इन्सुलेशन गेलं आणि २३० व्होल्ट सांगाड्यावर आले, तर अर्थिंग ते जमिनीत नेतं आणि फ्यूज उडतो. अर्थिंग कापलेलं असेल तर ते व्होल्ट तारांवर येऊन थांबतात आणि वाट बघतात. ब्रिटनमधल्या स्वान्सी शहरात १९७२ मध्ये लेस हार्वी हा गिटारवादक स्टेजवर, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. गिटार वाजवणाऱ्यांत ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मलाही माहीत होती.

२०१३ चा गणपती. दिवसभर पाऊस पडून गेलेला, मांडवातलं स्टेजवरचं जाजम ओलसर. समोर मूर्ती असल्याने आम्ही सगळे अनवाणी. माझ्याकडे शिकणारा कामोठ्याचा सतरा वर्षांचा मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा स्टेजवर बेस वाजवणार होता. माझीच गिटार, माझाच अ‍ॅम्प. मी बाजूला उभा होतो. दुसरं गाणं संपल्यावर निवेदिकेने त्याचं नाव पुकारलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि नमस्कार म्हणायला तो माइककडे वाकला. डावा हात तारांवर होता, ओठ माइकला लागले. माइक मिक्सरमधून नीट अर्थ झालेला होता. तो मागे फेकला गेला. पडताना जॅक निघाला, म्हणून सुटला.

ओठ भाजला होता, खांदा दुखावला होता. रात्रभर इस्पितळात ठेवून हृदयाचे ठोके बघितले, सकाळी सोडलं. मी रात्रीच मंडळाच्या लोकांना, डॉक्टरांना आणि त्याच्या आईवडिलांना पिन मीच कापल्याचं सांगितलं. त्याची आई म्हणाली, "सर, तुमच्याबरोबर पाठवलं होतं म्हणून निर्धास्त होते." ती रागावली नाही. तो मुलगा नंतर बेसकडे वळला नाही. आता तो नोकरीला आहे, रस्त्यात भेटला की बोलतो. बेसचा विषय तो काढत नाही आणि मीही काढत नाही.

अ‍ॅम्प उघडून बघितला तर ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन दमट हवेने जाऊन विजेची वायर सांगाड्याला लागत होती. आणि गुणगुण? ती अ‍ॅम्प एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डावर असल्याने होती. दोन्ही एका बोर्डावर घेतले की बहुतेक वेळा जाते. त्यानेही नाही गेली तर मधे डीआय बॉक्स नावाची डबी लावून त्याचं ग्राउंड-लिफ्टचं बटण दाबायचं. ते फक्त सिग्नलच्या वायरीचं अर्थिंग तोडतं, विजेचं नाही.

आता मी चार तारांची पॅसिव्ह बेस वाजवतो. परवा फडके नाट्यगृहात शेवटच्या रांगेतून माझा एकेक सूर सुटा ऐकू आला, असं भाऊ म्हणाला. पिशवीत ट्यूनर, एल-की, पट्टी आणि सॉकेट टेस्टर असतो. मांडवात गेल्यावर पहिल्यांदा तो टेस्टर लावतो. अर्थिंग नसेल तर मंडळाच्या मुलांना वायरमन बोलवायला सांगतो, तोवर गिटार पिशवीतच. बोर्डावर गळती होताच वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे का तेही बघतो. एक-दोन मंडळांनी त्यावरून आम्हाला पुन्हा बोलावलं नाही.

येत्या गणपतीत तुमच्यापैकी कुणी स्टेजवर गिटार, कीबोर्ड किंवा नुसता माइक जरी हातात घेणार असेल, तर आधी वायरींच्या पिना बघा. तिसरी पिन कापलेली दिसली तर ती वायर कुणालाही लावू देऊ नका. आणि तारांना हात लावल्यावर बोटांत झिणझिण्या आल्या, तर गाणं अर्ध्यावर असलं तरी थांबा.